जुन्या डेस्कटॉपला कुठलं ग्राफिक्स कार्ड चालेल, हे विकत घेण्याआधी कसं तपासायचं

ऑफिसातून निघालेले इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या आय5 प्रोसेसरवाले डेस्कटॉप आता स्वस्तात मिळतात आणि घरातल्या पोरांना त्यावर गेम खेळायचे असतात, मग कार्ड घ्यायची वेळ आली की सगळे आधी विचारतात, मदरबोर्डावर कार्ड बसवायचा स्लॉट जुना आहे, चालेल का. चालतं. या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात, त्याचं नवं कार्ड जुन्या स्लॉटला बसतं, स्पीड तेवढा जुन्या स्लॉटचा मिळतो. घोळ होतो तो पॉवर सप्लाय आणि मापात.

पीसी बंद करा, पॉवर केबल काढा, साइड पॅनल उघडा. पॉवर सप्लायच्या लेबलवर नुसते टोटल वॅट बघू नका, 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि 12 ने गुणा, 18 अँपिअर असतील तर 216 वॅट, त्यातच प्रोसेसर पण चालवायचाय. मग पॉवर सप्लायमधून कार्डाला जादा पॉवर देणारी 6 किंवा 8 पिनची मोकळी वायर आहे का शोधा. ब्रँडेड ऑफिस पीसीत बहुतेक वेळा नसतेच, आणि नसेल तर फक्त स्लॉटमधून मिळणारे 75 वॅट धरून चाला, म्हणजे जीटीएक्स 1050 टीआय, जीटीएक्स 1650 किंवा 70 वॅटचं आरटीएक्स 3050 6 जीबी. या कार्डांची काही मॉडेल्स तरीही 6 पिन मागतात, म्हणून त्याच मॉडेलचा फोटो बघूनच घ्या.

कळकळीने सांगतो, साटा वायरीतून, म्हणजे हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या वायरीतून, 6 पिन काढणारा अडॅप्टर लावू नका. साटा कनेक्टर 12 व्होल्टवर 54 वॅटपर्यंतच झेपवतो आणि 6 पिनवर कार्ड 75 मागू शकतं, तो प्लग वितळतो.

आता स्केल घ्या. डब्याच्या मागे कार्ड स्क्रूने बसतं त्या धातूच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत लांबी मोजा, एखादा सेंटीमीटर जास्तीचा ठेवा. छोटा डबा असेल तर लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्ड आणि सोबत छोटी पट्टी लागते. जाडी विसरू नका, भाच्यासाठी कार्ड घेताना मी लांबी नीट मोजली पण जाडी राहिली, शेजारीच पॉवर सप्लाय, कार्ड बसेना, परत करण्यात आठवडा गेला आणि पोरगं रोज विचारत होतं कधी येणार.

स्पीडचं एकच लक्षात ठेवा, आरएक्स 6400 हे कार्ड स्लॉटच्या फक्त चार लेन, म्हणजे डेटा जायचे चारच मार्ग, वापरतं त्यामुळे जुन्या स्लॉटवर मार खातं. इंटेलची आर्क कार्डं तर इथे नकोच, त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं जे इतक्या जुन्या बोर्डात सहसा नसतं.

विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा, बायोस म्हणजे पीसी सुरू करणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम, त्याचा नवा प्रकार यूईएफआय दिसला तर बरं, जुना प्रकार लेगसी दिसला तर बोर्डाचा नवीन बायोस आलाय का ते कंपनीच्या साइटवर शोधा.

आणि मॉनिटर. जुन्याला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डावर ते पोर्टच नसतं, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर सोबतच मागवा, आणि केबल मदरबोर्डला नाही, कार्डलाच लावा.