झाकण उघडू नका: मोरोक्कोत सहकुटुंब ताजीन शिकताना

मराकेश किंवा फेसच्या सहलीत अर्ध्या दिवसाचा स्वयंपाकवर्ग घ्यायची पद्धत आता रुळली आहे. सकाळी मंडईत फेरी, मग रांधणं, मग तेच जेवण. हा बेत फसतो तो दोन जागी: वर्ग निवडताना, आणि ताजीन निखाऱ्यावर चढल्यानंतरच्या तासाभरात. ताजीन म्हणजे शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात मंद आचेवर शिजणारा पदार्थही. पाव मळणं, कोशिंबिरी, पुदिन्याचा चहा हे सगळं मुलंसुद्धा हसतखेळत करतात.

वर्ग ठरवताना

पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: दर दोघांना स्वतःचं ताजीन आणि स्वतःची शेगडी मिळणार का? उत्तर गोलमोल आलं तर तो वर्ग सोडा. दहाजणांनी एका ओट्याभोवती उभं राहून बघायचं आणि शेवटी झाकण उचलून फोटो काढायचा, याला शिकणं म्हणत नाहीत. शिकवणारी बाई घरी रोज रांधणारी असावी. तिकडे मोठ्या घरांतल्या पारंपरिक स्वयंपाकिणीला ‘दादा’ म्हणतात, त्यामुळे वर्गात दादा येणार म्हटल्यावर दारात एखाद्या थोरल्या भावाची वाट बघू नका. मराकेशमधलं ‘अमल’ हे महिलांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण देणारं केंद्र आणि फेसच्या जुन्या शहरातलं ‘कॅफे क्लॉक’ या दोन्ही ठिकाणी पाहुण्यांसाठी वर्ग असतात.

शुक्रवार शक्यतो टाळा, दुपारच्या नमाजाच्या सुमारास जुन्या बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. रमजानमध्ये वर्गांच्या वेळा बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये मराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवरच्या शेगडीपाशी मुलांना उभं करू नका.

शाकाहारी कुटुंबांनी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नये. भाज्यांच्या ताजीनमध्ये चव येण्यासाठी चिकनच्या अर्काची वडी सर्रास पडते. कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक कण, तर बहुधा मटण उकळत असलेल्या भांड्याच्या वाफेवर शिजतो आणि वरून तोच रस्सा ओततात. ‘ब्ला ल्हम, ब्ला द्जाज’ म्हणजे मांस नको, कोंबडी नको, हे सांगा आणि वडीचं वेगळं विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र ताजीनचा वर्ग घेऊच नये. कांदा हाच त्या पदार्थाचा पाया आहे, तो काढला की उरतात वाफवलेल्या भाज्या.

मंडईत

मुलांचा हात धरून चाला, गल्ल्यांतून मोटरसायकली बेधडक येतात. बाबागाडी रियादमध्येच, म्हणजे अंगणाच्या जुन्या घरातल्या तुमच्या मुक्कामीच ठेवा. कोंबड्या जिवंत असतात आणि गिऱ्हाइकासमोर कापल्या जातात. मुलांनी ते पाहू नये असं वाटत असेल तर आदल्या दिवशीच कळवा, वाट बदलता येते. केशर घ्यायचंच तर काड्यांचं घ्या. कागदी पुड्यांतली पिवळी पूड हा नुसता खायचा रंग असतो.

पाव आणि कोशिंबिरी

खोब्झ म्हणजे मैदा आणि बारीक रव्याचा चपटा पाव. मळून थापायचं काम मुलांना द्या. झालूक हे आपल्या भरताचं चुलत भावंड: वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, गोड लाल मिरचीची पूड. चिरायचं मोठ्यांनी, ठेचायचं मुलांनी.

ताजीन: इथे सावकाश

मुरवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घातलेलं चिकन हा वर्गातला नेहमीचा पदार्थ. चौघांना साधारण एक किलो कोंबडीचे तुकडे, दोन मोठे कांदे, लसणाच्या तीन पाकळ्या, एक चमचा सुंठ, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा मिरपूड, चिमूटभर केशर, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, आणि दोऱ्याने बांधलेली कोथिंबीर-पार्सलीची जुडी. मीठ अर्धाच चमचा, कारण लिंबू आणि ऑलिव्ह दोन्ही खारट. आलं ताजं नाही, सुंठच. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. रास एल हानूत या तिकडच्या मिश्र मसाल्याचं नाव ऐकून आलेली मंडळी ते यातही मागतात. ते दुसऱ्या पदार्थांसाठी ठेवा, इथे ते केशराला आणि लिंबाला गिळून टाकतं.

आता आपल्या हाताच्या सवयी आड येतात. पहिली सवय मसाला परतायची. मातीच्या भांड्याला मोठी आच सोसत नाही आणि त्याची गरजही नाही. मसाला तेलात कालवून कोंबडीला चोळायचा. तळाशी कांद्याच्या चकत्या, त्यावर कोंबडी, वर जुडी. कांदा खाली हवा, कारण तो आधी पाणी सोडतो आणि तळ लागू देत नाही.

दुसरी सवय पाण्याची. ‘रस्सा होईल का एवढ्यात?’ म्हणत मराठी हात तांब्याकडे जातो. चहाचा एक छोटा ग्लास, म्हणजे सुमारे दीडशे मिली, एवढंच पाणी घाला, तेही कडेने. कोंबडी आणि कांदा मिळून बाकीचं सोडतात. शेवटी कांदा विरघळून जी दाट, तेल सुटलेली चटणीसारखी ग्रेव्ही उरते तिला ‘द्घमीरा’ म्हणतात आणि पावाने ती पुसून खायची असते. जास्त पाणी घातलं की द्घमीरा होत नाही. मग शेवटची वीस मिनिटं झाकण काढून आटवत बसावं लागतं आणि तोवर कोंबडीचा चोथा होतो.

तिसरी सवय सगळ्यात वाईट: झाकण उघडून बघणं. शंकूचा वरचा भाग आचेपासून लांब, म्हणून थोडा थंड. वाफ तिथे चढते, पाणी होऊन कडेने खाली उतरते. दर वेळी झाकण उचललं की ते पाणी हवेत जातं आणि मग आणखी पाणी घालावंसं वाटतं. अर्ध्या तासाने एकदा बघा, बस. मधल्या वेळेत कान वापरा. बारीक बुडबुड चालू असेल तर सगळं ठीक आहे. चर्र असा तळणीचा आवाज आला तर पाणी संपलंय. अशा वेळी उकळतं पाणी, अर्धा ग्लास, कडेने. थंड पाणी तापलेल्या मातीवर पडलं की तडा जातो. तापलेलं ताजीन ओल्या फरशीवर टेकवलं तरी तेच होतं. खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं ठेवा.

ढवळायचं अजिबात नाही. कोंबडीचे तुकडे मध्यावर एकदा उलटले की झालं.

निखाऱ्यांवर राखेची करडी साय धरल्याशिवाय ताजीन चढवू नका. ज्वाळ दिसत असेल तर थांबा. मातीच्या शेगडीला ‘मज्मर’ म्हणतात आणि ती जमिनीलगत असते, म्हणून लहान मुलांना तिच्यापासून हातभर लांब बसवा. पेटलेली आच फार झाली तर फुंकर घालण्याऐवजी दोन निखारे बाजूला ओढा.

लिंबाचं शेवटी बघायचं. हे आपलं तिखट लोणचं नव्हे, नुसत्या मिठात आणि स्वतःच्या रसात मुरलेलं असतं. धुवा, गर टाकून द्या, सालीच्या पट्ट्या करा आणि उतरवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं ऑलिव्हसोबत घाला. सुरुवातीलाच घातलं तर सगळं कडवट, खारट होतं आणि त्यावर उपाय नाही.

कोंबडीला तास-सव्वा तास लागतो. मटणाला दोन-अडीच तास, म्हणून अर्ध्या दिवसाच्या वर्गात ते मागू नका. भाज्यांचं ताजीन पाऊण ते एक तासात होतं, पण रचना नीट हवी: कांद्यावर गाजर आणि बटाट्याच्या लांब, बोटाएवढ्या फोडी एकमेकींना टेकवून शंकू करायचा, त्यावर झुकिनी आणि मटार, अगदी वर टोमॅटो. झुकिनीचा लगदा झाला आणि बटाटा कच्चा राहिला, तर समजा बटाटा जाड चिरला होता किंवा वर ठेवला होता.

चहा

गोळीदार हिरवा चहा उकळत्या पाण्याने दोनदा विसळा, पहिलं पाणी राखून ठेवा, दुसरं टाका, मग पहिलं परत घालून पुदिना आणि भरपूर साखर घालून उकळा. चमचा घालायचा नाही. ग्लासात ओतून परत किटलीत, असं तीन-चारदा केलं की साखर मिसळते. उंचावरून ओतायचा हट्ट मुलांनी धरला तर गार पाण्यावर सराव करू द्या.

जेवताना

एकच भांडं मधोमध. उजव्या हाताने, पावाच्या तुकड्याने, आपल्या समोरच्या भागातलंच खायचं. मधली कोंबडी शेवटी वाटली जाते, मुलांना हे आधी सांगून ठेवा.

ताजीन घरी आणायचं असेल तर

रंगीत, नक्षीचं ताजीन शोभेचं असतं आणि त्याच्या झिलईत शिसं असू शकतं. साधं, झिलई नसलेलं घ्या आणि कपड्यांत गुंडाळून केबिनच्या बॅगेत ठेवा. घरी रात्रभर पाण्यात बुडवा, वाळवा, आतून तेल चोळा, थंड ओव्हनमध्ये ठेवून दीडशे अंशांवर दोन तास तापवा आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्या. इंडक्शनवर ते चालत नाही. गॅसवर थेट ठेवलं तर पहिल्याच दिवशी तडकेल. बारीक आचेवर लोखंडी तवा ठेवा आणि तव्यावर ताजीन.