पाळी जायच्या वेळचं ओटीपोटाचं दुखणं: कारण शोधायचं कसं, डॉक्टरांपुढे मांडायचं कसं

"पाळी जायला आली की असं व्हायचंच." सासू म्हणते, शेजारीण म्हणते आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. यातलं अर्धं खरं आहे. आपल्याकडे पाळी कायमची थांबते ती सरासरी ४६-४७ च्या आसपास, आणि त्याआधीची काही वर्षं तिचा ताळ सुटतो. दर महिन्याला बीज सुटत नाही. ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र एखाद्या महिन्यात भरमसाट, एखाद्या महिन्यात अगदी कमी. पिशवीचं अस्तर जाड होत राहतं, मग अंगावरून जास्त जातं, रक्ताच्या गाठी पडतात आणि त्या बाहेर ढकलायला पिशवी जोरात आवळते. पाळीतल्या कळा वाढतात त्या यामुळे. पण पाळी नसतानाही ओटीपोट ठणकत असेल, लघवीला, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर "वय झालं" हे निदान होत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पुढचं काही दिसलं तर वही, कॅलेंडर काही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा: सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणं, एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलटी, ताप आणि घाण वासाचा स्राव, दुखण्यासोबत चक्कर येऊन पडणं. पाळी चुकली असेल आणि दुखत असेल तर आधी लघवीची गरोदर चाचणी, मग वय ४७ का असेना. नळीतला गर्भ या वयातही राहू शकतो. संबंधांनंतर रक्त जाणं, वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा लाल दिसणं, पोट सतत फुगलेलं राहून दोन घासांत भरल्यासारखं वाटणं, विनाकारण वजन उतरणं यांसाठी आठवड्याच्या आत तपासणी हवी.

कॅलेंडरवरच लिहा

वेगळी वही केली की ती चार दिवसांत कपाटात जाते. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो त्याच चौकटीत लिहा. दुखण्याला ० ते १० मधला आकडा, पॅड किती, गोळी घेतली तर फुली. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा मोठी गाठ पडली तर गोल. लघवी, शौच किंवा संबंध यांपैकी कशाने दुखणं वाढलं तर ल, शौ, सं. एवढंच. दोन पाळ्या झाल्या की पानांचे फोटो काढून ठेवा.

दोन महिन्यांत नकाशा दिसायला लागतो. आकडे पाळीच्या आधी दोन-चार दिवस चढत असतील आणि पाळीत ८-९ ला जात असतील, तर संशय पिशवीवर: ॲडेनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइडच्या गाठी (पिशवीच्या स्नायूतल्या, कॅन्सरच्या नसलेल्या) किंवा एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं). पाळीशी काहीच जुळत नसेल आणि बसून, स्कूटरवरून, शौचानंतर वाढत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असू शकतात. लघवी साठली की दुखतं आणि केली की बरं वाटतं, हा मूत्राशयाचा ढंग. पोट साफ झालं की हलकं वाटत असेल तर आतड्याकडे बघा. एकीला दोन कारणं असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून एक सापडलं की शोध थांबवू नका.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी आहे. पाठीवर झोपा, जिथे दुखतं तिथे बोट ठेवा आणि डोकं-खांदे थोडे उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं, सिझेरियनच्या टाक्याजवळचं किंवा तिथल्या नसेतलं. कमी झालं तर आतलं. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. टाक्याची नस दुखत असताना पिशवीवर उपचार चाललेत असंही होतं.

एक पान, मोठ्या अक्षरात

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. त्यात "लई दुखतंय हो" म्हटलं की पदरात पडते वेदनाशामक गोळी. आकडे आणि अडलेली कामं सांगितली की प्रश्न सुरू होतात. पान साधारण असं असावं:

"वय ४६. बाळंतपणं दोन, दुसरं सिझेरियन, १९ वर्षांपूर्वी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. पाळी २१ ते ४५ दिवसांनी, ८ दिवस. दुसऱ्या दिवशी ७ पॅड, रात्री उठून बदलावा लागतो. दुखणं १४ महिने. ओटीपोटात मधोमध, कमरेत उतरतं. पाळीत ८, एरवी ४. पाळी नसताना महिन्यातले ११ दिवस. गेल्या महिन्यात ३ दिवस कामाला जाता आलं नाही. संबंध १० महिने बंद. गोळी दिवसाला २, दोन तास बरं वाटतं. बीपीची गोळी चालू. औषधाची ॲलर्जी नाही. मला दुखण्याचं कारण कळायला हवं."

शेवटची ओळ गाळू नका. "संबंध बंद" लिहायला लाज वाटते, पण तोंडाने सांगण्यापेक्षा कागदावर सोपं जातं, आणि त्या शब्दांनी तपासणीची दिशा बदलते. पानाची झेरॉक्स केसपेपरला लावायला सांगा.

शब्दही नेमके हवेत. "दुखतंय" यात सगळंच येतं. कळ येते, ठणकतं, आग होते, चमक निघते, जड होऊन खाली उतरल्यासारखं वाटतं, मांडीत मुंग्या येतात: प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आग आणि चमक नसेची, खाली उतरल्यासारखं वाटणं पिशवी सैल झाल्याचं, आवळून येणारी कळ पिशवीची किंवा आतड्याची. अख्खा तळवा फिरवून "इथे सगळीकडे" दाखवण्याआधी सर्वांत जास्त दुखणारी जागा एका बोटाने दाखवा.

सोबत कुणाला न्यायचं? नवरा किंवा सासू आली की बऱ्याचदा तेच बोलतात, आणि त्यांना दुखण्यापेक्षा ऑपरेशनच्या खर्चाची काळजी असते. सरळ म्हणा: "डॉक्टर, मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय." पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर बाई मदतनीस हजर असावी हे मागणं तुमचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ते आहे. दुसरं मत घेण्याचा हक्कही त्याच सनदेत.

"वयाचं आहे" असं उत्तर आलं तर वाद घालू नका, एवढं विचारा: "वयाचं असेल तर नेमकं काय बिघडलंय, आणि दुसरं काही नाही हे कशावरून ठरवलं?" किंवा "आतून तपासणी न करता सांगता येतं का?" पुढे: "या गोळीने तीन महिन्यांत फरक नाही पडला तर पुढची पायरी कोणती? केसपेपरवर लिहून द्याल का?" लिहून द्यायची वेळ आली की उत्तरं जपून येतात.

तपासण्या आणि रिपोर्टमधले भीतीदायक शब्द

हिमोग्लोबिन (१२ च्या खाली म्हणजे पंडुरोग), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, लघवीची साधी आणि कल्चर, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका बघणारी पॅप किंवा एचपीव्ही चाचणी. ४५ च्या पुढे रक्तस्राव बिघडला असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. ४५ नंतर फक्त "पाळी जातेय का" हे बघायला हार्मोनच्या महागड्या चाचण्या लागत नाहीत. त्या आज एक सांगतात आणि पुढच्या महिन्यात दुसरं.

सोनोग्राफी शक्यतो आतून (योनिमार्गातून) करून घ्या, पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत, लघवी करून. पोटावरून करायची तर मात्र लघवी साठवून. रिपोर्ट हातात आला की घाबरवणारे चार शब्द दिसतात. "बल्की युटेरस" हे वर्णन आहे, रोग नाही. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी ८-९ सेंटिमीटर लांब असू शकते. "का मोठी झालीय, ॲडेनोमायोसिस आहे का?" हे विचारा. "नाबोथियन सिस्ट" म्हणजे गर्भाशयमुखावरचा छोटा फुगवटा, निरुपद्रवी. अंडाशयातली ३ सेंटिमीटरची साधी सिस्ट ही बहुतेकदा त्या महिन्याचं बीजच असतं. "पोटात थोडं पाणी" एवढ्यावरून पिशवीला सूज ठरवून पुन्हापुन्हा प्रतिजैविकं दिली जातात. ताप, स्राव आणि हाताने तपासताना दुखणं यांशिवाय ते निदान तकलादू. गर्भाशयमुखाच्या "जखमे"चा कॅन्सर होतो हेही तसंच. पॅप, एचपीव्ही ठीक असेल तर ती लालसर जागा बहुधा नैसर्गिक असते.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? एंडोमेट्रिओसिसचे पातळ ठिपके आणि आखडलेले स्नायू सोनोग्राफीत दिसतच नाहीत. "नॉर्मल आलंय, मग दुखतंय का?" हा प्रश्न तेव्हा तुम्ही विचारायचा.

तोवर घरी

शेक १५-२० मिनिटं, रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून. थेट कातडीवर रोज ठेवली तर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी कळ सुरू होताच, भरल्या पोटी, पाळीचे पहिले दोन-तीन दिवस. कळ शिगेला पोचल्यावर घेतली की ती हरते. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, बीपी असेल तर विचारल्याशिवाय नको. ही गोळी सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि अंगावर पुरळ आलं तर ती थांबवून डॉक्टर गाठा. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने याच दुष्परिणामाबद्दल सावध केलं होतं.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. चहा तासभर लांब. आणि कोल्हापुरात हे म्हणणं धाडसाचं आहे, पण गुळाने हिमोग्लोबिन भरून निघत नाही.

स्नायूंसाठी: पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर, नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, श्वास घेताना खालचा भाग सैल सोडायचा. दहा मिनिटं, दोनदा. कुणी सरसकट "खालचे स्नायू आवळा" असा व्यायाम सांगितला तर थांबा. स्नायू आधीच आखडलेले असतील तर त्याने दुखणं वाढतं. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, कुंथू नका.

अंगावरून जास्त जात असेल तर तांबी हा शब्द ऐकून दचकू नका. तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढतो, हार्मोनच्या तांबीने (५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल) तो आणि ॲडेनोमायोसिसचं दुखणं दोन्ही कमी होतात. गडबड होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत: अधूनमधून डाग पडत राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी बायका ती काढून घेतात.

"पिशवी काढून टाकू"

उसाच्या पट्ट्यात हे वाक्य फार सहज येतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. ऑपरेशन वाईट असं मुळीच नाही. मोठ्या फायब्रॉइडच्या गाठींनी हिमोग्लोबिन ६ वर आलेल्या बाईला ते जीवदान ठरतं. पण दुखणं मूत्राशयाचं, स्नायूंचं किंवा आतड्याचं असेल तर पिशवी गेल्यावरही ते तसंच राहतं. सही करण्याआधी विचारा: निदान काय, ते कशावरून? गोळ्या, तांबी यांचं काय झालं? अंडाशय ठेवणार का? ते काढले की पाळी एका दिवसात जाते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. आणखी एक: ॲडेनोमायोसिस आणि गाठी पाळी गेल्यावर बहुतेक वेळा शांत होतात. वय ४९ असेल तर थोडं थांबण्यात शहाणपण असू शकतं, ४१ असेल तर तो हिशेब वेगळा.

कुठे, कसं

कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जा आणि केसपेपरवर युनिट कोणतं, त्याचा वार कोणता ते बघून ठेवा. पुढच्या वेळी त्याच वारी गेलात तर तेच डॉक्टर भेटतात, नाहीतर दर खेपेला पहिल्यापासून सांगावं लागतं. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. चंदगडच्या बायकांना बेळगाव जवळ पडतं. तिकडे जायचं तर सोनोग्राफीच्या फिल्मसकट सगळी फाइल न्या. खासगी दवाखान्यातून कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्यांचं मत आधी सांगू नका. आधी तुमचं पान द्या, तपासू द्या, त्यांचं म्हणणं ऐका आणि मगच जुनी फाइल टेबलावर ठेवा.