मोरोक्कोत माणसं भेटावीत असं वाटत असेल, तर या चुका टाळा

पहिली चूक घरूनच होते: मोरोक्को म्हणजे अरब देश, असं धरून निघणं. ॲटलासचे डोंगर, सूसचं खोरं, उत्तरेचा रिफ हा सगळा अमाझिग या इथल्या मूळ लोकांचा मुलूख. ‘बर्बर’ हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलं आणि ते अनेकांना खुपतं. त्यांच्या भाषेला २०११च्या राज्यघटनेनं अरबीच्या जोडीनं अधिकृत दर्जा दिला. सरकारी पाट्यांवर तिफिनाघ लिपी दिसते ती तिचीच. डोंगरातल्या गावात शिरताना ‘अझुल’ (नमस्कार) आणि निघताना ‘तनमिर्त’ (धन्यवाद) एवढं म्हणा. समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो.

दुसरी चूक घाईची. मराकेश ते वाळवंटाच्या कडेचं मर्झुगा गाव साडेपाचशे किलोमीटर, वाटेत २,२६० मीटर उंचीचा तिझी न तिश्का घाट. तीन दिवसांच्या सहलीत बहुतेक वेळ गाडीतच जातो, मग उंटावर एक चक्कर, तंबूत ढोल, आणि परत. दिवस कमी असतील तर मी वाळवंट सोडायलाच सांगेन. तुबकाल शिखराच्या पायथ्याशी इमलिल गाव आहे, मराकेशहून दीड-दोन तासांवर. तिथे एखाद्या घरी दोन रात्री राहा.

चहाला ‘नको’ म्हणू नका. यजमान हिरवा चहा, पुदिना आणि साखरेचे खडे किटलीत घालतो, एक पेला ओततो, तोच पुन्हा किटलीत रिकामा करतो, चव घेतो. मग किटली हातभर वर नेऊन बारीक धार सोडतो. पेल्यावर फेस आला की तो खूश. यात अर्धा तास सहज जातो. गप्पा त्याच अर्ध्या तासात होतात, म्हणून घड्याळ बघू नका.

ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) किंवा कुसकुस (वाफवलेला रव्याचा दाणेदार पदार्थ) एकाच मोठ्या ताटात येतं. उजव्या हातानं, आपल्या समोरच्या बाजूनंच खायचं. मधलं मटण यजमान स्वतः वाटतो. शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘भाज्यांचं ताजीन’ मागून निर्धास्त राहू नये, रस्सा मटणाचा असू शकतो. ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा आणि रश्श्याचंही विचारा. घरी जेवायचं असेल तर हे आदल्या दिवशीच कळवा. ऐनवेळी सांगितलं की घरातल्या बाईची फार पंचाईत होते.

फोटो विचारूनच काढा, बायकांचे तर नक्कीच. मराकेशमधल्या जामा अल-फनाच्या चौकात गारुड्याकडे कॅमेरा वळवलात, तर पैसे द्यावे लागतील. मशिदींत बिगरमुस्लिमांना सहसा प्रवेश नसतो. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद मात्र मार्गदर्शकासोबत आतून बघता येते.

शुक्रवारी दुपारी खरेदी ठरवू नका. जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात, कारण घरोघरी कुसकुस असतं. त्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं तर जरूर जा, आणि जाताना कागदात गुंडाळलेला साखरेचा शंकू घेऊन जा. तिकडे भेट म्हणून तोच नेतात.