तीन सेलचा रेडिओ पॉवर बँकेवर

खानापूरकडे पावसात लाईट गेली की रेडिओवरच भिस्त, आणि सेल नेमके तेव्हाच उतरतात. तीन पेन्सिल सेलचा (4.5 व्होल्ट) रेडिओ 5 व्होल्टच्या पॉवर बँकेवर सहसा छान चालतो.

1. सेलच्याच मापाचे, 14 मिमी जाड व 50 मिमी लांब, लाकडाचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एकाच टोकाला पितळी स्क्रू.
2. जुनी यूएसबी केबल कापून लाल वायर एका स्क्रूला, काळी दुसऱ्याला घट्ट गुंडाळा. स्वस्त केबलचे रंग फसवतात, अधिक-उणे कोणती ते मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायचे यंत्र) बघाच.
3. तुकडे सेलच्या खणात बसवून, ज्या दोन पट्ट्यांपासून रेडिओच्या आत वायर जाते त्यांना स्क्रू टेकवा, लाल अधिकला, काळी उणेला. तिसरी जागा रिकामी, खरा सेल अजिबात नको.

आवाज बारीक असला तर रेडिओ वीज कमी ओढतो, म्हणून काही पॉवर बँका आपोआप बंद होतात.

दोन सेलच्या (3 व्होल्ट) वस्तूला मात्र हे लावू नका, जळू शकते.