अंगणाच्या फरसबंदीचा खर्च आपल्या भागाप्रमाणे कसा काढावा

अंगणाला फरसबंदी करायची ठरली की बहुतेक जण ‘चौरस फुटाला किती?’ एवढेच विचारतात आणि मिळालेल्या आकड्यावर निर्णय घेतात. मात्र तीच शहाबादी फरशी सोलापुरात, चिपळुणात आणि अमरावतीत वेगवेगळ्या खर्चात पडते, कारण दगड किती लांबून आणायचा आणि तो कोणत्या जमिनीवर बसवायचा, या दोन गोष्टी खाणीवरच्या भावाइतक्याच महत्त्वाच्या असतात. म्हणून दर विचारण्याआधी कोणता माल किती लागेल ते काढावे. येथे १० फूट रुंद आणि २० फूट लांब, म्हणजे २०० चौरस फुटांचे अंगण धरले आहे.

सुरुवात वजनापासून करावी. एक इंच जाडीच्या दगडी फरशीचे वजन चौरस फुटाला साधारण सहा किलो भरते, तर ६० मिलिमीटर जाडीच्या पेव्हर ब्लॉकचे (काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांचे) तेवढ्याच जागेत जवळजवळ तेरा किलो होते. आपल्या अंगणासाठी फरशी सव्वा टन आणि ब्लॉक अडीच टनांहून थोडे जास्त लागतील. समजा, गाडीभाडे ६,००० रुपये आहे. ती गाडी फक्त २०० चौरस फूट फरशी घेऊन आली, तर भाड्याचेच चौरस फुटाला ३० रुपये झाले. त्याच गाडीत शेजारच्या चार घरांची मिळून १,००० चौरस फूट फरशी भरली, तर हा भार सहा रुपयांवर येतो. घासाघीस करून मिस्त्रीचा दर दोन रुपयांनी उतरवण्यापेक्षा गाडी वाटून घेण्यात मला कितीतरी अधिक फायदा दिसतो.

याच कारणासाठी जवळचा दगड आधी पाहावा. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, त्यामुळे सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्याला ती जवळ पडते. कोटा राजस्थानातून आणि कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात जांभा दगड हाताशी असतो; त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. मात्र पावसाळ्यात चिरेखाणींत पाणी भरते, त्यामुळे जांभा हवा असेल तर तो उन्हाळ्यातच उतरवून ठेवावा. चिरा नगावर विकला जातो आणि त्याचे माप खाणीगणिक बदलते, म्हणून नगाचा भाव ऐकून न थांबता एक चिरा स्वतः मोजावा आणि दर चौरस फुटात बदलून मगच तुलना करावी. जांभा सच्छिद्र असल्याने सावलीत त्यावर शेवाळ लवकर धरते. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, त्यामुळे ॲसिडने धुतल्यास त्यांचा पृष्ठभाग खराब होतो. अंगणात त्यांची रफ फरशीच घ्यावी. पॉलिश केलेली फरशी पावसात निसरडी होते आणि घरात वयस्कर माणसे असतील तर तो धोका पत्करू नये.

आता जमिनीकडे वळू, कारण बहुतेक अंदाजपत्रके इथेच कोलमडतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा (सिमेंट-काँक्रीटचा थर) केला तर तो फुटण्याची भीती मोठी असते. अशा जागी निदान दीड फूट माती काढून तिथे मुरूम भरावा लागतो. २०० चौरस फुटांत दीड फूट म्हणजे ३०० घनफूट, अर्थात तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाव भाग अधिक धरून पावणेचार ब्रास मागवावा. काढलेली मातीही मोकळी होऊन जवळपास चार ब्रास होते आणि ती वाहून नेण्याचे पैसे वेगळे पडतात. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, धुमसाने किंवा यंत्राने दाबून घ्यावा. कोकणात पावसाळा सरल्यावर अंगण चोपून घेण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागेही हेच शहाणपण आहे. कातळावरच्या घरांना हा भराव लागत नाही, पण तिथे उंचवटे फोडण्याची मजुरी जबर असते.

काळ्या मातीवर मी पेव्हर ब्लॉकचीच शिफारस करेन. ते दीड इंच क्रश सँडवर (दगड दळून केलेल्या वाळूवर) बसतात, ज्यासाठी या अंगणाला पाव ब्रास पुरते, आणि जमीन हलली किंवा खालची पाइपलाइन दुरुस्त करावी लागली तर तेच ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. त्यांना कडेने पक्का आधार मात्र हवाच. एक लांब बाजू घराला लागून असेल तर ४० रनिंग फूट कड लागते आणि दरपत्रकात नेमकी तीच गळलेली असते. दगडी फरशीखाली चार इंच काँक्रीट १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात केल्यास सुमारे साडेसहा पोती सिमेंट लागते. फरशी बसवण्याच्या मसाल्याचे आणि दरजा, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, भरण्याचे सिमेंट त्याशिवाय. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचे दरपत्रक हाती असेल तर ते नव्याने मागवावे.

काम उक्ते (ठरवून ठेक्याने) देताना खोदाई, माती वाहतूक, मुरूम व दबाई, फरशी किंवा ब्लॉक, गाडीभाडे व उतराई, बसवणी आणि कड यांचे दर वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत. तुटफुटीसाठी पाच ते दहा टक्के माल जास्त धरावा. उतारही कागदावर असावा: दहा फुटांना दीड इंच, आणि कोकणातल्या पावसासाठी दोन इंच, पाणी नेहमी घरापासून दूर जाईल असा. शेवटचा हप्ता देण्याआधी अंगणात चार-पाच बादल्या पाणी ओतून ते कुठे साचते ते मिस्त्रीच्या समक्ष पाहावे.