स्पोर्ट्‌स कारचं मशीन पॉलिशिंग: मराठवाड्याचं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी सांभाळून

काळी किंवा गडद लाल स्पोर्ट्‌स कार दुपारी सावलीत उभी असली की नवीकोरी वाटते. तीच रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली आणली की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसायला लागतात. बहुतेक वेळा रंग विटलेला नसतोच. वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, हजारो बारीक चरे पडलेले असतात आणि प्रत्येक चऱ्याच्या कडेवरून उजेड भलतीकडेच फाकतो. मशीन पॉलिशिंगमध्ये आपण चमक वरून लावत नाही. चऱ्यांच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून सपाट करतो. दर वेळी थर थोडा पातळ होतो आणि गेलेला भाग परत येत नाही. म्हणून किती घासायचं यापेक्षा कुठे थांबायचं, हे आधी ठरवा.

आकडे असे आहेत. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. कंपाउंड (जास्त कापणारं, जाडं पॉलिश) आणि फिनिशिंग (बारीक पॉलिश) असे दोन टप्पे नीट केले तर २ ते ५ मायक्रॉन जातात. ऊन अडवणारी रसायनं याच थरात असतात. थर फार पातळ झाला की आपल्याकडच्या उन्हात आधी टप आणि बॉनेट पांढुरकं पडतं, मग पापुद्रे सुटतात. तिथे पॉलिश उपयोगाचं नाही, रंगच मारावा लागतो.

म्हणून पहिलं अवजार पॉलिशर नव्हे, पेंट गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र. तो लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारा हवा, कारण स्पोर्ट्‌स कारमध्ये पत्रा एकसारखा नसतो. २०१५ नंतरच्या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, बाकीची बॉडी बहुतांश लोखंडी. प्लास्टिकच्या बंपरवर आणि कार्बन फायबरच्या टपावर साधा गेज आकडा देतच नाही, तिथे अंदाजाने आणि हलक्या हातानेच चालायचं. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. १८० च्या पुढे गेलं तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला असतो. ३०० च्या वर असेल तर खाली पुट्टी असणार. कुठे ९० च्या खाली आलं, तर तिथे कंपाउंड लावू नका. बाहेर नव्याने रंगवलेलं पॅनेल असेल तर किमान महिनाभर मशीनला हात लावायचा नाही, रंग आतून पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि गाडी मॅट किंवा सॅटिन फिनिशची असेल तर इथेच थांबा. मॅटवर पॉलिश चाललं की तेवढाच भाग चकाकतो, आणि तो पुन्हा मॅट करता येत नाही.

मुहूर्त आणि जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले. एप्रिल-मे मध्ये करायचंच असेल तर पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत हात थांबवा. पत्रा हाताला गरम लागत असेल तर कंपाउंड काम करण्याआधीच सुकतं, त्याची भुकटी उडते आणि तीच नवे चरे पाडते. पत्र्याच्या शेडमध्ये तर दुपारी काम करूच नका. फरशीवर पाणी मारून ठेवा म्हणजे धूळ बसून राहते. कुलर मात्र गाडीच्या दिशेने लावायचा नाही. कुलरच्या जाळीवर बोअरच्या पाण्याचे जे पांढरे थर जमतात, तेच पाणी तुषार बनून नुकत्याच पॉलिश केलेल्या बॉनेटवर बसतं.

लाईट जाणं आणि व्होल्टेज पडणं हेही गृहीत धरा. लांब वायर घ्यायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, बारीक वायरवर मशीनचा जोर कमी होतो. मधेच लाईट गेली तर पॅनेलवर कंपाउंड सुकू देऊ नका, ओलसर मायक्रोफायबरने लगेच पुसून घ्या.

धुणं: निम्मं काम इथेच होतं

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, त्याची देशभर चर्चा झाली. तेव्हापासून महागड्या गाड्या वाढतच गेल्या, पण अनेक वॉशिंग सेंटरवर आजही चाकं पुसलेलं फडकं बॉनेटवर फिरतं. चऱ्यांचं मूळ तिथे आहे. दुसरं मूळ म्हणजे सकाळी कोरड्या कापडाने धूळ झटकणं. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत मुरूम असतो, खडी क्रशरची बेसॉल्टची पूड असते. लातूर, धाराशिव, परभणीकडे गाळप हंगामात कारखान्याची काजळी पडते, तिच्यात सिलिका असते. या सगळ्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं.

आधी नुसत्या पाण्याच्या जोराने धूळ काढा. मग फोम मारून पाच मिनिटं मुरू द्या, पण सुकू देऊ नका. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायची, दोन्हींच्या तळाशी जाळी. वरून खाली या. चाकांना वेगळा मिट.

बोअरच्या पाण्यात किती क्षार विरघळलेत ते टीडीएस मीटरने बघा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. तुमचं पाणी त्याच्या वर असेल तर शेवटची धार आरओच्या पाण्याची द्या, १० ते १२ लिटर पुरतं, आणि लगेच टॉवेलने टिपून घ्या. जुने पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि बॅटरीचं पाणी (बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे) समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर डागावर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. त्याने डाग गेला तर तो वरवरचा क्षार होता. खड्डा दिसत राहिला तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लेला आहे. तो मशीनने थोडा उतरेल, पण पूर्ण जाईलच असं नाही.

जालन्याच्या स्टील मिलच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाडीवर लोखंडाचे कण रुतलेले असतात. आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. तीन ते पाच मिनिटांत धुऊन टाका. यानंतर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून ओल्या पॅनेलवरून बोटं फिरवा. रव्यासारखी खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, हवाच. भरपूर शाम्पूचं पाणी, हात अगदी हलका, आणि क्ले खाली पडला की सरळ फेकून द्यायचा.

धुऊन झाल्यावर रबर, खडबडीत काळं प्लास्टिक, बॅज आणि पॅनेलच्या धारदार कडांना टेप लावा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. रंग जळण्याच्या घटना बहुतेक कडेवरच घडतात. काळ्या प्लास्टिकमध्ये कंपाउंड शिरलं तर पांढरे डाग निघता निघत नाहीत.

मशीन आणि पॅड

आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘रबिंग’ म्हणतात ते बहुधा रोटरी मशीन आणि लोकरीच्या पॅडने होतं. रोटरी झपाट्याने कापते, पण एका जागी क्षणभर जास्त थांबली की उष्णता साचते. शिवाय मागे होलोग्राम राहतात. उन्हात गाडी फिरवली की तेलकट लाटा सरकल्यासारख्या दिसतात, तेच होलोग्राम. सराव नसेल तर १५ मिलिमीटर थ्रोचं (पॅड हलण्याच्या वर्तुळाचा व्यास) ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. त्यात पॅड फिरतं आणि हलतंही, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागतो आणि ती सावरता येते. पाच इंची प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी) मोठ्या भागाला, तीन इंची प्लेट खांब, आरसे आणि बंपरच्या खाचांना. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. काम करताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबून नुसती थरथरत असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं टेकलंय.

एका गाडीला कटिंगची पाच-सहा पॅड, फिनिशिंगची तीन-चार, पंधरा-वीस मऊ मायक्रोफायबर, चांगला एलईडी टॉर्च आणि प्रत्येकी २५० मिलिलिटर कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश एवढं लागतं. पॅडमध्ये काटकसर करू नका. भरलेलं, तापलेलं पॅड कापत नाही, नुसतं घासतं.

टेस्ट स्पॉट

बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखा. सगळ्यांत सौम्य जोडीने सुरुवात करा: फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. चरे गेले नाहीत तरच एक पायरी वर चढा. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट सहसा कडक आणि जपानी गाड्यांचा मऊ असतो असा अनुभव आहे, पण खरं उत्तर हा चौकोनच देतो. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही. त्याची धार बोथट करून सोडून द्या, त्याच्यामागे लागून थर संपवू नका.

नव्या पॅडवर आधी पॉलिशचा पातळ लेप बोटाने पसरवा, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पॅनेलवर ठेवून टिपून घ्या, नाहीतर थेंब सगळीकडे उडतील. स्पीड १ वर पसरवा, मग ४ किंवा ५ वर न्या. हात सेकंदाला अडीच-तीन सेंटिमीटर, यापेक्षा वेगाने नको. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. आधी आडवे पट्टे, मग उभे. अशा चार ते सहा फेऱ्या. दाब साधारण तीन-चार किलोचा. तो कळण्यासाठी मशीन बंद ठेवून वजनकाट्यावर दाबून बघा, हाताला सवय लागते. सुरुवातीला दुधाळ दिसणारा लेप शेवटच्या फेऱ्यांत पातळ, जवळजवळ पारदर्शक होतो. दाब काढून एक हलकी फेरी मारा आणि थांबा. त्यापुढे घासलं तर कोरडं घासलं जातं.

आता पुसून लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांत बसून ते लपवतं. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग बॅटरीचं पाणी असं मिश्रण फवारून पुसा, मग टॉर्च दोन-तीन कोनांतून धरा. जे दिसतं ते खरं. जोडी ठरली की तीच संपूर्ण गाडीला.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा. पॅनेलला हाताची पालथी बाजू लावत राहा. चटका बसण्याइतकं तापलं तर दुसऱ्या पॅनेलकडे वळा. बंपरला हे जास्त लागू आहे, कारण प्लास्टिकमध्ये उष्णता पसरत नाही, जागच्या जागी साचते. पॅडवर गाडीचा रंग दिसला तर ताबडतोब थांबा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या रंगात तसं होणं स्वाभाविक आहे, पण क्लिअर कोटच्या गाडीत त्याचा अर्थ थर संपला.

कंपाउंडनंतर धुरकट झाक राहिली तर घाबरू नका, ती फिनिशिंगच्या मऊ पॅडने जाते. तरीही राहिली तर पॅड खराब आहे किंवा दाब जास्त पडतोय. भुकटी उडत असेल तर पॅडवर बॅटरीच्या पाण्याचा एक बारीक फवारा द्या, स्पीड एकाने उतरवा आणि चौकोन लहान करा.

पूर्ण गाडीला दोन टप्प्यांत पंधरा ते वीस तास लागतात. दोन-तीन दिवसांत वाटून करा. थकल्या हाताने कडा सांभाळल्या जात नाहीत.

वरचं कवच

अल्कोहोलने शेवटचं पुसून त्याच दिवशी सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावा. मेण सुंदर दिसतं, पण आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. सिरॅमिक गरम हवेत झटपट सुकतं, म्हणून ४० सेंटिमीटरचे छोटे भाग घ्या आणि बाटलीवर दिलेल्या वेळेच्या थोडं आधीच पुसायला लागा. उशीर झाला तर वाळलेले काळपट पट्टे मशीननेच काढावे लागतात. पहिले २४ तास गाडी कोरड्या बंद जागेत ठेवा, आठवडाभर धुऊ नका. त्या आठवड्यात पक्ष्याची विष्ठा पडली किंवा समृद्धीवरून येताना किडे चिकटले तर ओलं मऊ फडकं मिनिटभर ठेवून अलगद उचला, घासू नका.

शेवटी गेज घेऊन आधीच्याच जागी पुन्हा मोजा आणि नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी तारीख घालून लिहा. वही गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. गाडी विकली तर वहीही नव्या मालकाला द्या, म्हणजे मशीन लावण्याआधी कुठे किती थर उरलाय ते त्याला कळेल.