यात्रेचं मटण: हंडा उतरल्यानंतरची तयारी

बेळगाव-खानापूरकडच्या गावांत लक्ष्मीयात्रा ठरली की मसाल्याची, भांड्यांची, आचाऱ्याची यादी महिनाभर आधी होते. उरलेल्या जेवणाची मात्र कोणी करत नाही, आणि पाहुणे आजारी पडतात ते बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या ताटावर.

आदल्या दिवशी फ्रिज निम्मा तरी रिकामा करा. कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि हार-फुलं बाहेर बादलीत राहतील. आत ४ अंश किंवा त्याहून कमी थंडावा हवा, भरगच्च कोंबलं तर तो मिळत नाही. कच्चं मटण-कोंबडी झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे रक्ताचं पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. गोठलेली कोंबडी फ्रिजमध्येच वितळू द्या, ओट्यावर नको. नाताळात कॅम्पातल्या कुणी टर्की आणलीच, तर दर दोन किलोमागे एक दिवस धरा. शिजताना मांडीच्या जाड भागात ७४ अंश भरले पाहिजेत, कोंबडी असो की टर्की. चार-पाच मोठ्या पराती बाजूला काढून ठेवा, वाढप्यांच्या हाती लागू देऊ नका. बर्फाची लादी आधीच सांगा.

आता हंडा. रात्री पंगती उठल्या की उरलेला रस्सा तसाच झाकून ठेवायचा, ‘सकाळी उकळून घेऊ’ म्हणायचं, ही आपली जुनी खोड. घात होतो तो इथंच. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूची बीजं शिजवूनही जिवंत राहतात. ६० ते ५ अंशांच्या मधला पट्टा त्यांना मानवतो. भरल्या हंड्याचा मधला भाग तासन्‌तास त्याच पट्ट्यात कोमट राहतो, वरचा तर्रीचा थर वाफ कोंडून ठेवतो ते वेगळंच. म्हणून रस्सा पळीनं परातींत दोन-अडीच इंच ओता, परात बर्फाच्या पाण्यात टेकवा, अधूनमधून ढवळा. चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे. पारा ३२ च्या वर असेल, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे असतोच, तर एकाच तासात.

भाताचं त्याहून नाजूक. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचं उलटी आणणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही, त्यामुळे एकदम मोठा घाणा न काढता पंगतीगणिक भात लावा. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा मुळात उरेल इतका करूच नये.

गरम करताना लागेल तेवढंच काढा. नुसती वाफ आली म्हणजे झालं नाही, खळखळून उकळी हवी. उरलेलं तिसऱ्यांदा तापवायचं नाही. फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवा. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद फ्रिज चारेक तास तग धरतो, पुढे मटणाचा मोह सोडा.

माहेरवाशिणींना डबा बांधून दिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, हे खरं. पण पुण्याच्या एसटीत सहा-सात तास रस्सा नको. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू द्या. मटणच द्यायचं तर रात्रभर गोठवलेलं, बर्फाच्या पिशवीसकट.